भांगाचं पाणी

अष्टमीला पाणी बसतं, पास्कूमामा म्हणतो.
मनोरीच्या खाडीला तेव्हा ओढ नसते,
गाळ खाली जातो
आणि हातभर तरी दिसतं.

हातभर म्हणजे कोपरापर्यंत. मी मोजलं.

अंदमानात मी समुद्रगाय पाहिली होती,
तळाचं गवत उपटत चाललेली,
मागे धुरळ्याची वाट.
मामाला सांगितलं तर म्हणाला,
"गाय? मग धार कोण काढतं?"
आणि माझ्या कमरेला दोर बांधला,
डोलीच्या खुंटाला मारतात तीच गाठ.

किनाऱ्यावरून चालतच उतरले.
खाली चहा, दूध जास्त झालेला.
पायाला चिखल, मग कुणाची चप्पल, मग काहीच नाही.
लाईट गेल्यावर फळीवरची काडेपेटी शोधावी
तसे हात पुढे.

आणि तळव्याला लागली
एक पाठ.
गार, शेवाळलेली, कडेला कालवं चिकटलेली.
मी हात काढला नाही.
त्यानंही घाई केली नाही,
एका बाजूला कलत कलत
माझ्या हाताखालून संपत गेलं.

वर आले. मामा गुडघाभर पाण्यात, दोर धरून.
"दिसलं?"
"नाही."
"मला ऐकू आलं. दोनदा.
खुर्चीतनं उठताना आपली आई टाकायची तसा श्वास."

दोर गुंडाळत तो जुनी गोष्ट सांगू लागला:
त्याच्या जाळ्यात आलेलं कासव,
पुढचा पाय अडकलेला,
कोयत्यानं सोडवलं.
काय कापलंस, जाळं?
जाळंच, म्हणाला.

मागच्या नाताळात सांगताना
जाळं नवं होतं, कर्जाचं.