कोरडं वजन

कंपनीच्या कागदावर लिहिलंय : कोरडं वजन १७४ किलो.
म्हणजे पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही,
बॅटरीसुद्धा काढून बाजूला ठेवलेली.
लोव्रेन्त्स चष्मा कपाळावर सरकवतो :
"नेझ्का, असं कोण तोलतं?
रक्त काढून ठेवायचं आणि मग माणूस काट्यावर चढवायचा?"

मी स्पॅनर पुसते.
येसेनित्सेच्या या गॅरेजात सतरा हिवाळे काढले,
कागद आणि काटा यांची सोयरीक
जुळलेली काही पाहिली नाही.
सगळं भरलं की ती १९१ भरते.
पाय घसरला तर उचलायची आहे ती ही.
कोरडं कुणी पडत नाही रस्त्यावर.

उघडी गाडी. अंगावर फायबरचं एक पान नाही.
नळ्या, वायरी, रेडिएटरच्या फासळ्या,
चौकटीला घातलेले वेल्डिंगचे टाके,
सगळं चारचौघांत.
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इतर गाड्यांचं.
हिची मूठ उजव्या हातात येते
आणि ती फिरवायची असते.
ताशी एकशे तीसच्या पुढे वारा छातीवर बसतो,
भाडं थकल्यासारखा,
उठायचं नाव घेत नाही.

रोलरवर चढवली. पट्टे आवळले. पंखा लावला.
आवाज चढत गेला तशी
खिडकीतली सुट्या स्क्रूंची बरणी
आपणहून सरकत कडेला आली, ती मी धरली.
कागदावर ११८ अश्वशक्ती.
माझ्या पडद्यावर, मागच्या चाकाशी, १०४.
"चौदा घोडे कुठे गेले?"
वाटेत.
गिअरांत, साखळीत, नुसतं गरम होण्यात.
तो हसला. रोलिंग मिलवर एकतीस वर्षं,
पगाराच्या पाकिटाचंही असंच व्हायचं, म्हणाला,
निघायचं एवढं, घरी पोचायचं तेवढं.

पण हिची गंमत वरच्या टोकाला नाही, मधे आहे.
साडेचार हजार फेऱ्यांना पीळ भरायला लागतो,
नव्वद न्यूटन-मीटर, आणि मग रेघ
पठारावर आल्यासारखी सपाट चालते,
कुठे धाप नाही.
लोव्रेन्त्स त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.
त्याच्या बोटांना नखं दोनच धड आहेत.
मिलच्या भट्ट्या विझून किती वर्षं झाली.
सुंभ जळला असेल;
पीळ मोजायला माझा रोलर पुरत नाही.

सीटची उंची ८३४ मिलिमीटर. त्याचे पाय आखूड,
नुसते चवडे टेकतात.
"खाली करून देऊ?"
"नको. टेकवायला थोडीच घेतली."

रविवारी व्रशिचच्या घाटात गेला.
पन्नास वळणं, प्रत्येकाला पाटी, पाटीवर आकडा.
उत्तरेच्या बाजूला वळणांवर दगडी फरशी,
सकाळच्या दवात साबणासारखी.
मी दिवसभर फोन जवळ ठेवला.
का, ते सांगता येणार नाही. गिऱ्हाईकच तर आहे.

मंगळवारी आला. साखळीला तेल मागितलं.
वाकले तेव्हा मागचा टायर पाहिला.
गाडीचा हा एकच भाग,
ज्याच्याबद्दल कंपनीच्या कागदावर नुसतं माप आहे, दावा नाही.
उजवीकडे रबर काठापर्यंत खरवडलेलं.
डावीकडे दोन बोटं कोरी,
नव्या टायरची बारीक लव अजून जागच्या जागी.
डावीकडे झुकताना काय आडवं येतं त्याला?
मिलमध्ये गेलेला कान डावाच.
किंवा काही नसेल; बहुतेकांचं एक अंग कच्चं असतं,
माझं उजवं आहे.

विचारलं नाही. हवा तपासली :
पुढे २.३, मागे २.५. झडपांना टोपणं लावली.
तेल टिपत होतं तोवर तोच म्हणाला,
"खाली येताना, सातव्या वळणावर, बंद केली.
हाताने धरून नेली पुढच्या सरळ रस्त्यापर्यंत.
दोन जर्मन पोरं थांबली, मदत हवी का म्हणून."
हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, परत वर केली.

"एकशे एक्क्याण्णव," तो म्हणाला,
"बरोबर आहे गं तुझं."