लाल पिन

नव्या टीव्हीच्या पाठीला एकच चपटं तोंड,
जुन्या कॅमेऱ्याच्या शेपटीला तीन रंग,
मध्ये मी, गुडघ्यांवर,
आणि चाळीस लारींचा एक काळा डबा.

निळा पडदा म्हणतो : सिग्नल नाही.
‘नाही कसा?’ त्सियालाबाई म्हणते,
‘लग्न तर झालं होतं.’

पिवळी खोचली.
कुताइसीतलं अंगण उजळलं, द्राक्षवेलीखाली लांबच लांब टेबल,
शिंगातली वाइन उंचावून माणसं बोलताहेत, मुकी.
पांढरी खोचली : डावीकडून गलका.
लाल मात्र आतच मोडलेली.

‘उजवा स्पीकर बंदच राहील,’ मी म्हणालो,
‘मंगळवारी दुसरी वायर आणतो.’

तिचं लक्ष पडद्यावर.
तिथे नोदार, तिशीतला,
कुणी हाक मारली की मान उजवीकडे फिरवून
डावा कान पुढे करतो.

‘कारखान्यात गेला उजवा,’ ती म्हणाली.
उठली. खुर्ची फरफटत
डाव्या बाजूला नेली, अगदी भिंतीपाशी,
आणि बसली,
जेवायला बसावं तशी.

‘मंगळवारी नको येऊस.’

निघताना पिशवीत चार पर्सिमन घातले तिने.
बिलावर मी लिहिलं :
काम पूर्ण.