दीड फूट, दहा, दहा

कोठी मागायला आलेला माणूस आधी पोती सांगतो.
सहा पोती दादर, चार गहू, वर थोडी बाजरी.
मी तेवढ्यावर पत्रा कापतो.
पारोळ्यात एकोणीस वर्षं हेच.
घेर किती, उंची किती, तोंड कुठं,
खडूनं फरशीवर आखून दाखवतो,
माणूस मान हलवतो, बयाणा देतो.

जागृतीनं मात्र नुसता मासा आणला.
धुळ्याहून, एसटीत मांडीवर धरून,
आइस्क्रीमच्या झाकणवाल्या कपात.
बेट्टा म्हणतात त्याला. निळा, कडेनं तांबूस,
शेपूट उलगडायला जागा नाही म्हणून
ओल्या रुमालासारखी अंगाला चिकटलेली.
दुकानदार म्हणे,
"डबकामा ऱ्हास हाऊ. याले काय बंगला लागस?"
आणि वर दोन लिटरची गोल बरणी फुकट.

फुकट आलेल्या मापाचा मला भारी राग.

तरी ठेवली गल्ल्याजवळ.
मे महिना, पत्र्याचं दुकान.
दुपारी दोनला बोट बुडवलं,
कपात विसरलेल्या चहाइतकं कोमट.
दोन लिटर पाणी. लवकर तापतं,
आणि त्याहून लवकर नासतं.
तिसऱ्या दिवशी वास.
मासा वर येऊन हवेचा एक घोट घेई,
खाली जाई, वळे, काचेला नाक,
वळे, काचेला नाक.
भटूनं हातोडी थांबवली,
"दादा, हाऊ फिरी नही राहिना. नुसता वयी राहिना."

फिरत नाहीये. वळतोय.
शाळा सोडून माझ्याकडं आलेला पोरगा,
पत्र्याची कड अजून सरळ दुमडत नाही त्याला.

रात्री फुटपट्टी काढली.
मासा अडीच इंच, शेपटीसकट.
फरशीवर एक फूट आखलं,
त्यात बोटानं पोहून बघितलं,
पुसलं, दीड केलं.
उंची नको जास्त,
एवढा पदर सांभाळत याला घडीघडी वर यायचं असतं.
दहा इंच बास, रुंदी दहा,
पाणी आठापर्यंत, वर दोन इंच हवा,
आणि झाकण जाळीचं, कारण उडी मारतो म्हणे.

गुणाकार केला. साडेतेवीस लिटर.
आकडा कोकिळाला सांगायचा होता.

तिच्या डोक्यात सगळा हिशोब असतो,
हौद, दोन ड्रम, अकरा हंडे.
"आठ दिनले नळ येस,
आन् तुम्ही मासोयीले दोन हंडा देतस?"
म्हटलं, एकदाच. मग आठवड्याला चौथाई बदलायचं,
काढलेलं लिंबाच्या झाडाला.
"रोज नही ना?"
रोज नाही. फक्त नळाचं ताजं चालत नाही,
एक रात्र उघडं ठेवावं लागतं.
ती हसली. "मंग काय चिंता,
आपलं पानी शिळंच ऱ्हास."

काच हा माझा धंदा नव्हे.
पहिल्या दिवशी अंगठा कापला,
दुसऱ्या दिवशी कोपरा गळला,
भटू फडकं घेऊन आला आणि तोंड फिरवून हसला.
सिलिकॉन खरवडून पुन्हा भरलं.
एकोणीस वर्षांत माझी कोठी परत आलेली नाही,
आणि हे पाच काचांचं खोकं
मला रात्री दोनदा उठवतं, खाली ओल आहे का बघायला.

मासा सोडला.
तो गेला डाव्या कोपऱ्यात
आणि तिथंच, बरणीएवढ्या जागेत,
वळे, वळे.
जागृती म्हणाली, बाबा, उगाच मोठी केली का?
मी काही बोललो नाही.
दोन दिवस तसाच.

बुधवारी एक जण आला, बहादरपूरचा, नऊ पोती गहू.
फरशीवरचा खडू बघून म्हणाला,
"इतली धाकली कोठी कोनी?"
मी टाकीकडं बोट दाखवायला वळलो,
तर डावा कोपरा रिकामा.
उजव्या काचेपाशी, पार टोकाला,
शेपूट पूर्ण उघडून तो उभा होता,
स्वतःचंच प्रतिबिंब बघून चिडलेला.

"नऊ पोती ना?" मी म्हटलं,
आणि नवा खडू शोधू लागलो.
जुन्या रेघा तशाच राहू दिल्या.
थंडीत काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.
कोकिळानं मात्र
एक फाटकी चादर बाजूला काढून ठेवलीय.