मुदतवाढ

आठवडाभर मी सोनं घासते.
कसबा पेठेतल्या पतपेढीत, काचेआड,
काळा दगड, आम्लाची बाटली,
लोकांच्या पाटल्या, मोहनमाळा;
लिहिते: कॅरेट इतके, घट इतकी, कर्ज इतकं.
समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही,
हे मला कुणी शिकवलं नाही.

रविवारी जुन्या बाजारात जाते,
मंगळवार पेठेत, ऊन चढायच्या आत.
नळाच्या तोट्या, कुलपं हरवलेल्या किल्ल्या,
एकाच पायाचे बूट,
आणि त्यांच्या पलीकडे इलियासची ताडपत्री.
तिच्यावर गेम. पालथे, उताणे, काही डबीविना.

सीडी उन्हात तिरकी धरायची.
मधून कडेला गेलेला ओरखडा चालतो,
गोल फिरलेला नाही.
मग सरळ सूर्याकडे:
आरपार टाचणीएवढा उजेड आला
की ती मेली, वर कितीही भारी ड्रॅगन असो.
एकदा डबीवर तलवारवाला होता,
आत सत्यनारायणाची कथा, भाग पहिला.
नाव सोनूबाई.

भाची शर्वाणी म्हणते, मावशी, फोनवर फुकट मिळतात की.
मिळत असतील.

माझा हिशोब साधा, तासाला किती पडतो?
आठ तासांत संपणारी लढाई दीडशेला महाग.
गाड्यांची शर्यत चाळीसला घेऊन ठेवावी,
पाहुण्यांची पोरं येतात.
फुटबॉल कधीच नाही,
त्यातले खेळाडू आता पोट सुटून घरी बसलेत.
पण ज्यात नांगरता येतं, गळ टाकता येतो,
आणि काहीच केलं नाही तरी संध्याकाळ होते,
तो मिळेल त्या भावात,
अर्थात हे इलियासला कळू द्यायचं नाही.

"दोनशे. तुमच्यासाठी, ताई."
"माझ्यासाठी असेल तर ऐंशी."
"बुधवारी एक जण अडीचशे देत होता."
"मग दिला का नाहीस?"
तो हसला. ऐंशीला दिला,
वर एक मेमरी कार्ड टाकलं, कोपरा चावलेलं.

घरी लावलं तर जागा नाही.
कुणाकुणाच्या नोंदी भरलेल्या.
फुटबॉलच्या चार पुसल्या, हात थरथरला नाही.
तरी पुरेना.
उरली एकच, याच गेमची:
तीनशे एकेचाळीस तास.

उघडून बघितली.
वर्ष नववं, हिवाळा, शेतावर बर्फ.
मालकाचं नाव बबडू, रोमन अक्षरांत, एक ड जास्तीचा.
गाय कपिली. कोंबड्या सहा, सगळ्यांचं नाव बेबी.
घरापुढे कुंपण अर्धं घातलेलं,
उरलेली लाकडं शेजारी रचून ठेवलेली.
वीज गेली म्हणून सुटलेला खेळ नव्हे हा.
नीट नोंद करून उठलाय.
म्हणजे उद्या येणार होता.

आमच्याकडे मुदत टळली की नोटिसा जातात,
पहिली, दुसरी, तिसरी, पोचपावतीसकट.
मग लिलाव. वजन मीच करून देते.
बबडूला नोटीस कुठे पाठवणार?
पुसायचं का, असं पडद्यावर विचारत होतं,
हो आणि नाही, दोन्ही शेजारी,
आणि 'हो' आधीच उजळून ठेवलेलं.

कपिलीला चारा घातला तेवढा.
कुंपणाला हात लावला नाही.
कार्ड काढून पतपेढीच्या छोट्या पाकिटात घातलं,
सवयीनं तारखेचा शिक्का मारला,
आणि वजनाचा रकाना कोरा ठेवला.

पुढच्या रविवारी कोरं कार्ड मागितलं.
इलियास म्हणाला, नव्वद.
गेमपेक्षा दहा जास्त.
मी नव्वद काढून दिले.
तो घाबरला.
"ताई, तब्येत बरी आहे ना?"
म्हणाला, आणि न मागता
वीस रुपये परत केले.