फेरतपासणी

पहिल्या खेपेला हँडब्रेक नडला.
डावं चाक धरतं, उजवं धरत नाही.
रोलरवर चढताच गाडीने मान वाकडी केली,
आमंत्रण उशिरा पोचलेल्या नातेवाइकासारखी.
"नापास," यार्क्को म्हणाला, कागदाकडे बघत.
कागद छापून बाहेर आला तेव्हा पुन्हा म्हणाला.
कुह्मोत माणसं एकदा बोललेलं
सहसा दोनदा बोलत नाहीत.

केबल बदलली. नव्वद युरो,
शिवाय शेजारच्या वेइक्कोला
बर्फाला भोक पाडून धरलेले दोन मासे.
दुसऱ्या खेपेला ब्रेक दोन्हीकडे लागला,
पण नंबरप्लेटवरचा दिवा लागेना.
"घरून निघताना लागत होता," मी म्हणालो.
हे वाक्य त्या शेडमध्ये
दिवसातून किती जण म्हणत असतील कोण जाणे.
यार्क्कोने ते ऐकलंच नाही.
"मी फारशी पीत नाही" हे जसं डॉक्टर ऐकत नाहीत.

मग त्याने हातोडी घेतली. लहानशी, टोकदार.
गाडी वर, आम्ही दोघं खाली,
माझ्या चष्म्यावर वितळलेल्या बर्फाचं चिखलपाणी,
आणि तो दाराखालच्या पत्र्यावर ठोकत निघाला:
टण्. टण्. टण्.
थप्प.

तीस हिवाळे रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लं तिने.
खाल्ल्या मिठाला जागली बिचारी,
आतल्या आत इमानाने गंजत राहिली,
आणि मी वरून दर वसंतात मेण चोळत होतो.

तपकिरी भुगा त्याच्या बाहीवर सांडला.
त्याने खिशातून मोजपट्टी काढली.
मोजपट्टी! गंज कोण मोजतं?
"पन्नास मिलिमीटर.
भोक फार मोठं आहे, सर."

सर.
तेव्हा कुठे मी त्याचे कान पाहिले.

सुतारकामाचा तास. सातवी.
ही गाडी तेव्हा जवळजवळ नवी होती,
शाळेच्या दारात लाल चमकायची.
अठरा पोरं, पाखरांसाठी अठरा पेट्या,
भोक बत्तीस मिलिमीटर,
फळ्यावर मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.
आणि एका पेटीला हे भगदाड.
"मांजराला पंजा घालायची सोय केलीस का रे?"
वर्ग हसला. मीही हसलो असेन.
चार दिले.
आमच्याकडे चारच्या खाली आकडाच नाही.

आठवडाभर मी वेइक्कोला सांगत होतो,
सूड आहे, निव्वळ सूड, दुसरं काही नाही.
वेइक्को वेल्डिंगचा मुखवटा वर करून म्हणाला,
"भोक तर आहे ना?"
ठिगळाचा पत्रा मी स्वतः कापला,
तीनदा मोजून, हात थरथरत असूनही.

तिसरी खेप. यार्क्कोने
जोडावरून अंगठा फिरवला, सावकाश,
मी पोरांच्या रंध्यावरून फिरवायचो तसा.
हातोडी. टण्.
दिवा लागला. सही झाली.
कागद माझ्या हातात देताना तो म्हणाला,
"त्यात मैना राहिली."
"कशात?"
"पेटीत. लहान पाखरं नाही आली. मैना आली,
काळी, ठिपक्यांची. आईकडे नऊ वर्षं येत होती."
आणि पुढच्या गाडीला हात केला.

कागद पुढल्या मार्चपर्यंत चालेल.
मागच्या बाजूला बारीक अक्षरात
फी, मुदत, तक्रार कुठे करावी, सगळं छापलंय.
निवृत्त मास्तराने दिलेल्या गुणांची
फेरतपासणी कुठल्या खिडकीवर होते,
ते मात्र नाही.

घरी पोचलो, मागे जाऊन पाहिलं.
दिवा पुन्हा गेला होता.
बोटाने टिचकी मारली, लागला.