चौथा दिवस

सकाळी सात चाळीस. गंगापूर रोडवर
दुधाच्या गाड्या परत निघालेल्या असतात
आणि मी चपला बाहेर काढून, टोपीत केस कोंबून
अंधाऱ्या खोलीत शिरते.
सदतीस अंश. तिसऱ्या खणात
पट्टीवर माझंच अक्षर: ढिकले, चित्रलेखा. सिन्नर.

पहिल्या दिवशी दोन ठिपके शेजारी शेजारी,
आधी कोणी बोलायचं ते ठरत नसलेले.
दुपारपर्यंत ठिपके नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार.
अकराला तिचा फोन. "कसं आहे?"
"चार पेशी."
ती जरा थांबते. "जेवतं का काही?"
मी हसत नाही. थेंबभर द्रव आहे, सांगते,
त्यातच सगळं.
मागे लेथ फिरतेय, म्हणजे ती सातपूरला,
नवऱ्याच्या वर्कशॉपात.

तिसऱ्या दिवशी आठ.
वाढत काहीच नाही, हे सांगूनही कुणाला पटत नाही.
तेवढंच गोल रान, केसाच्या जाडीचं,
आणि त्यात वाटण्यांवर वाटण्या.
मी मूळची निफाडची. वाटणी म्हटलं
की मला मोजणीची साखळी आठवते,
तिच्या दोन टोकांना बाबा आणि नानाकाका,
दोघांचेही घसे बसलेले.

चौथ्या दिवशी
मोजायला जावं तर मोजता येत नाही.
पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात
की मधले बांध दिसेनासे होतात.
पुस्तकात लिहिलंय, तुतीसारखं.
मला तो विरळणी राहून गेलेला घड वाटतो,
मण्याला मणी दाटलेला.
बाबांनी कात्री लावून निम्मा केला असता.

पाचव्या दिवशी आत पाणी भरतं.
काही जणी आत राहतात, त्यांचं मूल होणार.
बाकीच्या कडेला जातात, त्यांची वार होणार,
नऊ महिने राबून शेवटी बादलीत.
कोण आपणहून उठलं, कोणाला उठवलं,
अकरा वर्षं बघतेय, मला दिसलेलं नाही.

नळी पलीकडच्या खोलीत जाते. मी खण पुसून घेते.
तिला आता दोन आठवडे. मला दुसरी पट्टी.

संध्याकाळी आकाशवाणी टॉवरपाशी बाबांचा फोन.
परत तारीख पडली म्हणतात, जूनची.
मी सांगायला जाते, बाबा, चौथ्या दिवशी ना...
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो.
"बांधावरची बोर आहे का अजून?"
"आहे की," म्हणतात,
"यंदा बोरं सगळी तिकडच्या अंगाला पडली."