तीन घरं मागे

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेअकराच्या ठोक्याला
ढमढेरेबाई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येतात.
लिफ्ट आहे, हे सांगून झालं.
"लिफ्टमध्ये काय, नुसतं उभं राहायचं," म्हणतात,
आणि कापडी पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवतात.

पडद्यावर निळा चौकोन उजळतो.
कानात एक अक्षर पडतं. क. ट. म. क.
आत्ताचं अक्षर तीन घरं मागच्यासारखंच असेल
तर डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचं,
चौकोन तीन घरं मागच्याच जागी असेल, तर उजव्या.
वीस मिनिटं. मधे चहा नाही.
मी मागे बसते, नोंदवही घेऊन.
माझ्यासमोर त्यांचा अंबाडा,
आणि त्यातला एकच आकडा, जो कधी हलत नाही.

पहिल्या आठवड्यात एकावन्न टक्के.
पाचव्यात चौऱ्याण्णव.
आलेख असा, की जणू कुणी हनुमान टेकडी
न थांबता चढून गेलं
आणि वर जाऊन दम लागला नाही म्हणून सांगतंय.

बाई ट्रंक ऑपरेटर होत्या. बत्तीस वर्षं.
समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या,
बार्शी दोनशे अकरा, सांगली चव्वेचाळीस,
मिरजेची लाईन व्यस्त, थांबा.
"नंबर कानातून यायचा आणि बोटातून जायचा.
मधे थांबेल तेवढाच वेळ तो आपला.
जोडला, की सोडला.
धरून ठेवले असते ना, तर येरवड्यालाच गेले असते."

मग चष्मा पुसत:
"म्हणजे सराव माझा बत्तीस वर्षांचा झालाच की.
तरी गॅसचा नंबर लावला का, आठवत नाही.
धाकट्या जावेच्या मुलीला मी दोनदा विचारलं, कितवीत गं तू.
ती नोकरीला लागलीय.
तुमच्या सरांनी आधी मलाच विचारायचं,
केवढ्याचं हे यंत्र?"

सर हसले नाहीत. सरांकडे तक्ते होते.
खेळात सगळे सुधारले.
त्याच्यासारख्या दुसऱ्या खेळातही, जरा.
पण आकृतीतला गाळलेला तुकडा शोधा म्हटलं,
उतारा वाचून उत्तर द्या म्हटलं,
की जून आणि ऑगस्ट
एकमेकांवर ठेवून गिरवल्यासारखे.
नुसत्या बसून राहिलेल्या गटाशी ताडलं
तर थोडा उजेड दिसायचा;
शब्दकोडी देऊन बसवलेल्यांशी ताडलं, की तोही गेला.
"दूरचं संक्रमण नाही," सर म्हणाले,
एसटी चौकशीच्या खिडकीतून म्हणावं तसं.

मी काय सांगू. हाच खेळ मी
वर्षभर रोज तपासतेय,
आणि काल विद्यापीठाच्या आवारात
स्वतःची स्कूटर पाऊण तास शोधली.

शेवटच्या शुक्रवारी बाईंना प्रमाणपत्र दिलं.
त्यांनी ते उलटं करून मागची बाजू पाहिली,
कोरी आहे म्हणाल्या, हिशेबाला होईल.
जिना उतरताना पायऱ्या मोजत होत्या, मोठ्यानं.
पिशवी खुर्चीच्या पायाशी.

फोन लावला. "हो का? मेथी आहे बघ त्यात.
आता परत कोण येतंय वारज्याहून. तूच कर."
मग थोडं थांबून,
"आणि चौऱ्याण्णवच ना गं? पंच्याण्णव नव्हते?"

रात्री कोथरूडच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून
जुडी निवडायला बसले.
देठ. पान. पान. देठ.
माझा डावा अंगठा हलला.

आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
सोमवारी सरांना विचारायला हवं.
लक्षात राहिलं, तर.